मोटारीवाचून इंग्लंडची खेडी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात मोटारीखेरीज फिरता येत नाही, हा समज परदेशी पाहुण्यांइतकाच तिथल्या शहरवासीयांतही पक्का रुजलेला आहे आणि तो निम्माच खरा आहे. देश आटोपशीर आहे आणि त्याच्या बऱ्याच भागांत एका खेड्यापासून दुसरे खेडे पायी तासाभराच्या अंतरावर असते. अडचण अंतराची नसते, परतीच्या गाडीची असते: सकाळी दहाला गावात सोडणारी बस मिळते, पण गावातून बाहेर पडणारी शेवटची बस दुपारी अडीचलाच निघून गेलेली असते, आणि रविवारी तर ती मुळात येतच नाही. मोटार नसलेल्या माणसाला तिथे रेल्वे, बस आणि सार्वजनिक पाऊलवाट अशी तीन साधने उपलब्ध असतात. ही तिन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कायद्यांनी घडवली असल्यामुळे त्यांची विश्वासार्हताही सारखी नाही. त्यांतले सर्वांत भरवशाचे साधन ज्यावर कोणतेही वाहन धावत नाही ते, म्हणजे पाऊलवाट, आहे. हे सुरुवातीला विचित्र वाटले तरी इतिहास पाहिला की त्याचा उलगडा होतो.

रेल्वेचे जाळे आज जसे दिसते, तसे ते मुख्यतः १९६० च्या दशकातल्या कापाकापीतून उरले आहे. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली ब्रिटिश रेल्वे पुढच्या दशकात तोट्यात जाऊ लागल्यावर सरकारने रसायन उद्योगातील अधिकारी रिचर्ड बीचिंग यांना तिच्या मंडळाच्या अध्यक्षपदी बसवले. त्यांचा अहवाल मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण लोहमार्गांपैकी एक तृतीयांश मार्गांवर प्रवासी वाहतुकीचा जेमतेम १ टक्का भाग चालतो, असे त्यांच्या आकडेमोडीत दिसले होते. त्याआधारे त्यांनी २,३६३ स्थानके आणि सुमारे ८,००० किलोमीटर लोहमार्ग बंद करण्याची शिफारस केली. सगळी शिफारस अमलात आली नाही, पण बरीचशी आली. त्या वेळचे वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्तेबांधणी करणाऱ्या एका कंपनीचे संस्थापक भागीदार होते, ही गोष्ट इंग्लंडमधील रेल्वेप्रेमी अजूनही विसरलेले नाहीत. बीचिंग यांच्या हिशेबातील खरी उणीव मात्र वेगळी होती. शाखामार्गाचे उत्पन्न कमी दिसत असले, तरी त्यावरून आलेला प्रवासी पुढे मुख्य मार्गावर दूरचा प्रवास करत असे. शाखा तोडल्यावर त्याने खोडावर येऊन गाडी पकडावी अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात त्याने मोटार विकत घेतली आणि तो थेट मुक्कामापर्यंत तीतूनच जाऊ लागला. बंद केलेल्या मार्गांवर पर्यायी बसगाड्या सुरू करण्याची आश्वासने दिली गेली होती, परंतु त्यांतल्या बऱ्याच काही वर्षांतच थांबल्या.

या काळाच्या खुणा प्रवाशाला आजही पावलोपावली भेटतात. कॉट्सवोल्ड हा मधाळ रंगाच्या चुनखडी दगडात बांधलेल्या घरांसाठी प्रसिद्ध असलेला टेकड्यांचा प्रदेश. तिथले चिपिंग कॅम्पडेन हे गाव बाथपर्यंत जाणाऱ्या १०२ मैलांच्या, म्हणजे सुमारे १६४ किलोमीटरांच्या, पदभ्रमण मार्गाचे आरंभस्थान आहे. त्याच्या जवळून ऑक्सफर्ड ते वूस्टर या लोहमार्गावरील गाड्या रोज धावतात, पण गावाचे स्थानक १९६६ मध्ये बंद झाल्यामुळे त्या थांबत नाहीत आणि प्रवाशाला मोरटन-इन-मार्श येथे उतरून बस धरावी लागते. त्याच मार्गावरचे ॲडलस्ट्रॉप हे स्थानक एडवर्ड टॉमस यांच्या कवितेमुळे इंग्रजी वाचकांना तोंडपाठ झालेले आहे. १९१४ च्या जूनमध्ये कवीची गाडी तिथे अवचित थांबली होती. आज ते स्थानक उरलेले नाही आणि त्याचा नामफलक गावातल्या बसथांब्याच्या निवाऱ्यात लावून ठेवलेला आहे. स्थानकाची पाटी बसथांब्यावर जाऊन बसावी, यापेक्षा त्या दशकाचे नेमके वर्णन करणे अवघड आहे.

जी स्थानके आज चालू आहेत, ती तरी गावालगत असतात असे नाही. एकोणिसाव्या शतकातील खासगी रेल्वे कंपन्यांनी चढउतार टाळून रूळ टाकले आणि गावाचे नाव त्यातल्या त्यात जवळच्या स्थानकाला दिले. यॉर्कशायर डेल्स या डोंगरी खोऱ्यांच्या प्रदेशातील डेंट हे स्थानक ३५० मीटर उंचीवर आहे, आणि इंग्लंडमधील मुख्य लोहमार्गावरचे ते सर्वांत उंच स्थानक मानले जाते. डेंट गाव मात्र तिथून सहा-साडेसहा किलोमीटर दूर आणि पुष्कळ खाली दरीत आहे. नकाशावर नाव पाहून तिथे उतरलेल्या प्रवाशाला सामान पाठीवर घेऊन तास-दीड तास उतरावे लागते, आणि परत येताना तीच चढण चढावी लागते. नॉरफकमधील बर्नी आर्म्स या स्थानकाची गोष्ट आणखी वेगळी आहे. दलदलीच्या कुरणांत उभ्या असलेल्या या थांब्यापर्यंत सार्वजनिक मोटाररस्ताच नाही. तिथे रेल्वेने, नावेने किंवा पायी जावे लागते. १८४४ मध्ये लोहमार्गासाठी जमीन विकताना तिथल्या जमीनदाराने स्थानक कायम ठेवण्याची अट घातली होती. अशा अनेक लहान स्थानकांवर विनंती थांब्याची पद्धत आहे, म्हणजे चढणाऱ्याने फलाटावर उभे राहून हात दाखवायचा आणि उतरणाऱ्याने आधीच गार्डला सांगून ठेवायचे. हे माहीत नसलेल्या प्रवाशासमोरून गाडी निघून जाऊ शकते.

डेंट ज्या मार्गावर आहे तो सेटल ते कार्लाइल हा सुमारे ११५ किलोमीटरांचा मार्ग वाचला, याचे श्रेय काही प्रमाणात पदभ्रमण करणाऱ्यांकडे जाते. १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुल्या झालेल्या या मार्गावरील सेटल आणि ॲपलबी वगळता मधली सगळी स्थानके १९७० मध्ये बंद झाली होती. १९७५ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने सुटीच्या दिवशी खास गाड्या भाड्याने घेऊन ती ओसाड स्थानके डोंगर चढणाऱ्यांसाठी उघडायला सुरुवात केली. पुढे रिबलहेडच्या चोवीस कमानींच्या पुलाच्या दुरुस्तीचा खर्च पुढे करून रेल्वेने अख्खा मार्गच बंद करायचे ठरवले, तेव्हा बावीस हजारांवर हरकती दाखल झाल्या. त्यांत रस्वार्प नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसा असलेली हरकतही होती आणि तिकीट काढून प्रवास करणारा म्हणून ती ग्राह्य धरली गेली, असे सांगतात. १९८९ च्या एप्रिलमध्ये सरकारने बंदचा प्रस्ताव फेटाळला. मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणारा होप व्हॅलीचा मार्गही बीचिंग यांच्या यादीत होता. तो राहिला आणि त्याऐवजी वुडहेडचा मार्ग प्रवाशांना मुकला. मधल्या काळात वारे थोडे फिरले आहे: डार्टमूरच्या कडेवरील ओकहॅम्पटनला २०२१ मध्ये नियमित प्रवासी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

रेल्वे जिथे संपते तिथून पुढे बस. लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशात हे अगदी अक्षरशः खरे आहे. १८४४ मध्ये केंडलहून विंडरमिअरकडे रूळ टाकण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा रायडल येथे राहणारे वृद्ध कवी विल्यम वर्डस्वर्थ यांनी कविता आणि पत्रे लिहून तिला विरोध केला होता. गिरणगावांतून येणाऱ्या गर्दीने प्रदेशाची शांतता नष्ट होईल, अशी त्यांना भीती होती. लोहमार्ग १८४७ मध्ये विंडरमिअरपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यामुळे ॲम्बलसाइड, ग्रासमिअर आणि केझिक या गावांना जाणारा मोटारविरहित प्रवासी आज ५५५ क्रमांकाच्या बसवर अवलंबून असतो, आणि ती बस कवीच्या रायडलवरूनच जाते. पर्यटकांची वर्दळ असल्यामुळे ती वर्षभर, रविवारीही, चालते. पण तिच्यावरून इंग्लंडच्या ग्रामीण बससेवेचा अंदाज बांधणाऱ्याची फसगत होईल.

सर्वसाधारण खेड्यातील बस समजून घ्यायची तर १९८५ च्या वाहतूक कायद्याकडे वळावे लागते. त्यापूर्वी बहुतेक ग्रामीण बस सरकारी मालकीच्या राष्ट्रीय बस कंपनीच्या होत्या आणि शहरी मार्गांवरच्या नफ्यातून खेड्यांतल्या तोट्याच्या फेऱ्या भागवल्या जात. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेर ही व्यवस्था मोडली: कोणत्याही परवानाधारक कंपनीने आपल्याला फायद्याचा वाटेल तो मार्ग नोंदवून चालवावा आणि फायदा संपला की ४२ दिवसांची पूर्वसूचना देऊन तो सोडावा, असा नियम झाला. ज्या फेऱ्या कोणालाच परवडत नाहीत पण गावाला लागतात, त्या चालवायच्या की नाही हे काउंटी परिषदेने, म्हणजे साधारणपणे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, ठरवायचे आणि निविदा मागवून त्यांना अनुदान द्यायचे. परिषदेवर विशिष्ट पातळीची सेवा पुरवण्याचे बंधन नसल्यामुळे तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कात्री या अनुदानाला लागते, आणि २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत ती अनेक परगण्यांत लागली.

अशा अनुदानित बसचे वेळापत्रक बारकाईने वाचले तर गावाचे सगळे अर्थकारण त्यात उलगडते. एकाच गाडीला आणि एकाच चालकाला सकाळी व दुपारी शाळेची मुले न्यायची असतात, म्हणून गावाच्या वाट्याला येणाऱ्या फेऱ्या या दोन खेपांच्या मधल्या वेळेत, साडेनऊ ते अडीचच्या दरम्यान, कोंबलेल्या असतात. तो काळ आणखी एका कारणाने सोयीचा पडतो: निवृत्तिवेतनाच्या वयाला पोचलेल्या रहिवाशांना २००८ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये बसप्रवास मोफत आहे, पण सोमवार ते शुक्रवार ही सवलत सकाळी साडेनऊनंतर लागू होते, आणि खेड्यातल्या बसचे बरेचसे प्रवासी हे पासधारक ज्येष्ठच असतात. काही फेऱ्या केवळ बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदाच असतात. काही फक्त शाळा चालू असलेल्या दिवशी धावतात, आणि ही तळटीप इतक्या बारीक अक्षरात असते की सुटीच्या हंगामात, म्हणजे नेमक्या पर्यटकांच्या काळात, थांब्यावर उभा असलेला पाहुणा न येणाऱ्या गाडीची वाट पाहत राहतो. नोकरीसाठी शहरात जाणारा तरुण आणि सुटीत फिरायला आलेला शहरी माणूस या दोघांनाही हे वेळापत्रक निरुपयोगी असते. ते ज्यांच्यासाठी आखले आहे त्यांना दवाखाना, पेठ आणि वाचनालय गाठून जेवणाच्या वेळेनंतर घरी परतायचे असते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न निरनिराळ्या दिशांनी झाले आहेत. राष्ट्रीय उद्यानांच्या आणि अन्य निसर्गरम्य प्रदेशांच्या आसपास उन्हाळ्यात शनिवार-रविवारी खास बस चालतात, जशी श्रॉपशायरच्या टेकड्यांत चर्च स्ट्रेटन स्थानकाच्या आसपास फिरणारी शटल. पूर्व ससेक्समधील ककमिअर खोऱ्यात स्थानिक लोक १९७६ पासून स्वतःची सामुदायिक बस चालवत आहेत आणि तिचे चालक स्वयंसेवक असतात. लिंकनशायरसारख्या विरळ वस्तीच्या सपाट काउंटीत ठरावीक मार्गच नसलेली बस आहे: प्रवाशाने फोनवरून किंवा ॲपवरून आधी मागणी नोंदवायची आणि त्या दिवशीच्या मागण्या पाहून गाडीने आपला मार्ग आखायचा. या पद्धतीचे कागदावर फार कौतुक होते, परंतु प्रत्येक प्रवाशामागे तिचा खर्च जास्त पडतो, आणि आयत्या वेळी जागा मिळण्याची शाश्वती नसल्यामुळे परक्या पाहुण्याला तिच्यावर दिवसाची आखणी सोपवता येत नाही. भाड्याच्या बाबतीत मात्र २०२३ पासून मोठा फरक पडला. सरकारने इंग्लंडमधील एका बसफेरीचे कमाल भाडे २ पाउंड ठरवले, २०२५ पासून ते ३ पाउंड झाले, आणि याचा सर्वाधिक लाभ लांबलांबच्या ग्रामीण मार्गांवरील प्रवाशांना मिळाला. अर्थात स्वस्त तिकीट न येणाऱ्या बसवर चालत नाही.

आता पाऊलवाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर लांबीच्या वाटांवर जनतेचा वहिवाटीचा हक्क आहे. जमीन खासगी मालकीची असली, तरी त्या वाटेने जाण्यापासून कोणालाही अडवता येत नाही. या वाटा निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी पडलेल्या नाहीत. चर्चला, गिरणीला, खाणीला, शेजारच्या गावच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांच्या पायांनी त्या शतकानुशतके मळत गेल्या, आणि म्हणूनच त्या आजही एका गावातून दुसऱ्या गावात, शेताच्या मधून, गोठ्याच्या अंगणातून, क्वचित कोणाच्या परसदारातूनही थेट जातात. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेश कायद्याने काउंटी परिषदांना अशा सगळ्या वाटांची पाहणी करून अधिकृत नकाशा तयार करायला लावले. या नकाशात एकदा वाट नोंदली गेली, की ती वाट अस्तित्वात असल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो, आणि रीतसर आदेशाशिवाय ती बंद करता किंवा वळवता येत नाही. रेल्वे तोट्यात गेली म्हणून बंद करता येते, बसचे अनुदान अंदाजपत्रकाच्या एका बैठकीत संपते, पण वाटेला ताळेबंदच नाही. तिच्या भरवशाचे मूळ इथे आहे.

हा हक्क कागदापुरता राहू नये म्हणून केलेले नियम विलक्षण तपशीलवार आहेत. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण नांगरटीनंतर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि उभ्या पिकातून किमान एक मीटर रुंदीची वाट मोकळी ठेवावी लागते. ज्या कुरणातून अशी वाट जाते तिथे दुभत्या जातींचा दहा महिन्यांहून मोठा वळू मोकळा सोडता येत नाही. प्रत्यक्षात खरा धोका वळूपेक्षा वासरे सोबत असलेल्या गायींकडून असतो, विशेषतः चालणाऱ्याबरोबर कुत्रा असेल तर. कुरण ओलांडताना त्यांना वळसा घालून जावे, हा सल्ला तिथे गांभीर्याने दिला जातो. कुंपण आले की ते ओलांडायला लाकडी पायऱ्या किंवा माणूस जाईल पण गुरे जाणार नाहीत अशी अरुंद फाटके असतात. खांबांवरचे पिवळे बाण पायी वाटेचे, तर निळे बाण घोडेस्वार आणि सायकलस्वारांनाही मुभा असलेल्या वाटेचे असतात.

वाटेवरचा हक्क आणि उघड्या माळावर मनसोक्त भटकण्याचा हक्क या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या हक्कासाठीचा लढा बराच लांबला. पीक डिस्ट्रिक्टमधील किंडर स्काउट हे पठार जमीनदारांनी तितर-वर्गातील पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या परिसरातील शेकडो तरुण कामगार बेनी रॉथमन यांच्या नेतृत्वाखाली मनाई झुगारून त्यावर चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. उघड्या माळरानांवर आणि डोंगरांवर पायी फिरण्याचा कायदेशीर हक्क प्रत्यक्षात २००० च्या कायद्याने मिळाला आणि तोही इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूभागापुरता.

वाट शोधण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे नकाशे आधाराला असतात. १७९१ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीतून लष्करी गरजेसाठी सुरू झालेल्या या संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर शेताचे प्रत्येक कुंपण दाखवलेले असते आणि वहिवाटीच्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी रेखलेल्या असतात. मोटारीवाचून फिरणाऱ्याला हा नकाशा बसच्या वेळापत्रकाइतकाच आवश्यक आहे, कारण दोन गावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्यावरून चालणे पुष्कळदा धोक्याचे असते: पदपथ नाही, दोन्ही बाजूंना उंच झुडपांच्या भिंती, आणि वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर. अशा रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालण्याचा दंडक आहे.

तिन्ही साधने एकत्र गुंफली की मोटारवाल्यालाही न मिळणारी एक सोय मिळते. मोटार घेऊन गेलेल्याला फिरून पुन्हा मोटारीपाशीच यावे लागते. मोटार नसलेला माणूस एका स्थानकावर उतरून दुसऱ्या स्थानकावर गाडी पकडू शकतो. होप व्हॅली मार्गावरील ईडेल हे याचे उत्तम उदाहरण. शेफील्डहून अर्ध्या तासात तिथे उतरावे, हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीपर्यंत चढावे, डोंगराच्या धारेवरून ४७६ मीटर उंचीच्या लूज हिलवर जावे आणि पलीकडच्या उताराने होप स्थानकावर उतरावे. संपूर्ण दिवसात कुठेही डांबरी रस्त्याशी फारसा संबंध येत नाही. लेक डिस्ट्रिक्टमधील डोंगरांवर हाताने लिहिलेली, १९५५ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झालेली सात मार्गदर्शक पुस्तके तयार करणारे आल्फ्रेड वेनराइट मोटार चालवायला कधी शिकलेच नाहीत. केंडलच्या नगरपालिकेतील नोकरी सांभाळून ते सुटीच्या दिवशी बसने डोंगराच्या पायथ्याशी जात आणि संध्याकाळच्या बसने परतत. इंग्लंडमधील डोंगरभटक्यांच्या पिढ्या ज्या पुस्तकांवर पोसल्या, त्यांच्यामागे असे बसचे वेळापत्रक आहे.

महाराष्ट्रातून मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आईवडिलांना भारतीय परवान्यावर वर्षभर मोटार चालवता येते, पण अरुंद ग्रामीण रस्ते आणि परक्या देशातला मोटारविमा यांमुळे बरेच जण त्या फंदात पडत नाहीत. ज्येष्ठांचा मोफत पास तिथल्या रहिवाशांपुरता असल्याने तोही त्यांना मिळत नाही. त्यांच्यासाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे खेड्यात मुक्काम करण्याऐवजी रेल्वे आणि बस या दोन्हींची सोय असलेले स्किप्टन, केंडल किंवा मोरटनसारखे बाजाराचे गाव निवडणे, परतीची शेवटची गाडी आधी पाहून मग सकाळची ठरवणे, आणि शक्यतो रविवारी विश्रांती घेणे. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पाचची शेवटची बस म्हणजे शेतातून अंधारात चालणे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पाहुणा आपला दिवस बदलू शकतो. गावात राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या, नजर अधू झाल्यामुळे मोटार सोडावी लागलेल्या माणसाला मात्र रुग्णालयाने दिलेली सकाळी पावणेनऊची वेळ बदलता येत नाही, आणि त्याच्यासाठी पाऊलवाट हा पर्याय उरलेला नसतो. २०२५ च्या बससेवा कायद्याने काउंटी परिषदांसारख्या स्थानिक वाहतूक प्राधिकरणांना दोन गोष्टी दिल्या: लंडनप्रमाणे मार्ग आणि भाडी स्वतः ठरवून कंपन्यांना चालवायला देण्याची वाट सुलभ केली, आणि समाजाला अत्यावश्यक असलेल्या बसफेऱ्यांची यादी करून त्या बंद होण्याची वेळ आली तर काय करायचे हे आधीच ठरवण्याची जबाबदारी टाकली. यादीत नोंदलेल्या फेरीला वाटेच्या नकाशातील नोंदीसारखे कायमचे संरक्षण मात्र नाही. ती चालवायला चालक आणि पैसा लागतो, आणि त्याची तरतूद दरवर्षी नव्याने करावी लागते.